हॉर्सपॉवर वाढवण्याआधीची यादी

दर्यापूरकरांचं रेल्वे स्टेशन म्हणजे बनोसा. मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणारी शकुंतला इथे थांबायची. 1921 साली मँचेस्टरमध्ये तयार झालेलं वाफेचं इंजिन 1923 पासून शकुंतलेच्या दिमतीला होतं. सत्तर वर्षांनी, 15 एप्रिल 1994 रोजी, ते निवृत्त झालं आणि त्याच्या जागी डिझेल इंजिन आलं. इंजिन बदललं, पण रूळ, स्लीपर आणि पूल जुनेच राहिले. परिणामी गाडीचा वेग ताशी 20 किलोमीटरच्या आसपासच अडकला आणि आता तर तो मार्गच बंद आहे. नव्या ताकदीला जुना सांगाडा कसा अडवतो, याचं याहून जवळचं उदाहरण वऱ्हाडात सापडणार नाही.

मोटारीत ‘पॉवर वाढवून’ घेण्याची हौस आता तालुक्याच्या गावातही पोचली आहे. कोणी सॉफ्टवेअर बदलून घेतो, कोणी मोठा एअर फिल्टर लावतो. या हौसेचं टोक म्हणजे स्पोर्ट्स कारला सुपरचार्जर बसवणं. किटची किंमत आणि वाढणारी हॉर्सपॉवर सगळ्यांना तोंडपाठ असते. त्या ताकदीसाठी बाकी गाडीत काय काय बदलावं लागेल, ती यादी मात्र क्वचितच कोणी मांडतो.

हवा दाबली की काय होतं?

इंजिनाची ताकद ते किती हवा आत घेतं यावर ठरते. हवा जास्त मिळाली तर पेट्रोलही जास्त जाळता येतं. साधं इंजिन पिस्टन खाली जाताना जेवढी हवा ओढेल तेवढ्यावर भागवतं. सुपरचार्जर ती हवा दाबून आत भरतो आणि त्यासाठी लागणारी ताकद बेल्टने इंजिनाकडूनच घेतो. टर्बो हेच काम सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या गरम वायूंवर करतो. म्हणून सुपरचार्जरचा पिकअप पाय दाबताक्षणी मिळतो, पण तो स्वतःच इंजिनाची काही हॉर्सपॉवर खातो.

या यंत्राचा जन्म मोटारीसाठी झालेला नाही. अमेरिकेतल्या रूट्स बंधूंची लोकरीची गिरणी होती. तिच्यासाठी चांगलं पाणचक्र शोधताना त्यांच्या हाती हवा ढकलणारं यंत्र लागलं आणि 1860 साली त्यांनी त्याचं पेटंट घेतलं. पुढे भट्ट्या आणि खाणींना वारा देणारं तेच तत्त्व मोटारीत आलं. 1920 च्या दशकात मर्सिडीजने ते विक्रीच्या गाड्यांत वापरलं. पुण्यात जुळणी झालेल्या सी-क्लासच्या पाठीवर दिसणारी ‘कॉम्प्रेसर’ ही अक्षरं त्याच परंपरेतली.

मे महिन्यातला हिशेब

हवा दाबली की तापते. हे कलम वऱ्हाडात सगळ्यात महाग पडतं, कारण इथे उन्हाळ्यात पारा 45 च्या पुढे जातो. साधारण 7 पीएसआय, म्हणजे वातावरणाच्या जवळपास निम्मा जादा दाब धरू. पुण्याच्या हिवाळ्यात 25 अंशांची हवा ब्लोअरमधून, म्हणजे सुपरचार्जरमधून, सुमारे 80 अंशांवर निघेल. दर्यापूरच्या मे महिन्यात 45 अंशांची हवा आत गेली तर बाहेर निघताना ती 100 च्या वर असेल. गरम हवा विरळ असते. त्यामुळे दाब दीडपट झाला तरी हवेचं वजन जेमतेम सव्वापट होतं. मध्ये चांगला इंटरकूलर बसवून तीच हवा 60 अंशांपर्यंत उतरवली, तर वाढ 40 टक्क्यांच्या वर जाते.

मुद्दा फक्त ताकदीचा नाही. तापलेल्या, दाबलेल्या मिश्रणाचा प्लगची ठिणगी पडल्यावर ज्योत पोचण्याआधीच भडका उडतो. यालाच मेकॅनिक ‘नॉकिंग’ म्हणतात. ते जोरात आणि वारंवार झालं तर पिस्टनचा माथा आणि रिंगांच्या पट्ट्या फुटतात. मूळचं कॉम्प्रेशन जितकं जास्त, तितका हा धोका मोठा. म्हणून इंटरकूलर, मोठा रेडिएटर आणि ऑइल कूलर हे तिन्ही यादीत वरच हवेत. काळ्या मातीची धूळ आणि कापसाच्या हंगामात उडणारी रुई रेडिएटरच्या जाळीत बसते. ती साफ करणंही याच कामात धरावं.

पेट्रोल, मेंदू आणि ठिणगी

200 हॉर्सपॉवरचं साधं इंजिन पूर्ण जोरात चालताना ढोबळ मानाने ताशी 60 लिटर पेट्रोल मागतं. सुपरचार्जर लावून 280 काढायचे असतील तर मागणी 110 लिटरच्या घरात जाते. ताकद 40 टक्के वाढली, पेट्रोल मात्र 80 टक्क्यांहून जास्त. एक तर ब्लोअरला फिरवण्याची ताकद त्यातूनच जाते. शिवाय दाबाखाली मिश्रण घट्ट ठेवावं लागतं. एरवी एक भाग पेट्रोलला साडेचौदाच्या आसपास भाग हवा चालते, ती इथे बाराच्या खाली आणावी लागते. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा कमी, म्हणजे मागणी आणखी वाढली.

तेव्हा गाडीतला इंधनाचा पंप आणि इंजेक्टर मोठे हवेत. इंजेक्टर जास्तीत जास्त जोरातही 85 टक्क्यांपर्यंतच उघडे राहतील, असा हिशेब धरावा. ऐन दाबात पेट्रोल कमी पडलं तर मिश्रण पातळ होतं आणि इंजिन काही सेकंदांत जातं. इंजिनाचा मेंदू म्हणजे ईसीयू नव्याने ट्यून करून घ्यावा, जादा दाब वाचू शकणारा सेन्सर बसवावा, प्लग एक पायरी थंड घ्यावेत आणि त्यांची गॅप कमी ठेवावी. डॅशबोर्डवर बूस्ट, पेट्रोलचा दाब आणि मिश्रण दाखवणारे मीटर हवेतच. ते सजावटीचे नाहीत, इंजिन वाचवणारे आहेत.

इंजिनाच्या मागे काय?

वाढलेला टॉर्क आधी क्लचप्लेटवर येतो. ती घसरू लागली की मिळवलेली ताकद धुरात जाते. मग गिअरबॉक्स, ॲक्सल आणि टायर. ब्रेकचं गणित तर सरळ आहे: वेग 100 वरून 140 झाला की थांबवायची ऊर्जा जवळपास दुप्पट होते. चांगले पॅड, ताजं ब्रेक ऑइल आणि त्या वेगाला मान्य असलेले टायर नसतील तर पुढे जाण्यात अर्थ नाही. काळ्या मातीवरचे आपले रस्ते पावसाळ्यात फुगतात, उन्हाळ्यात आकसतात आणि त्यांच्यावर लाटा उठतात. अशा रस्त्यावर 280 हॉर्सपॉवर वापरायला जागा किती मिळणार, हा प्रश्नही आधीच विचारावा.

क्रम कसा लावावा?

आधी इंजिनाची तब्येत तपासा. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखं नसेल, इंजिन ऑइल पीत असेल तर ब्लोअरचा विचार सोडा. मग किती ताकद हवी ते आकड्यात ठरवा, कारण पुढची प्रत्येक निवड त्या आकड्यावर अवलंबून आहे. त्यानंतर ब्रेक आणि टायर, मग कूलिंग, मग क्लच आणि पेट्रोलची व्यवस्था. ब्लोअर आणि ट्यूनिंग सगळ्यात शेवटी. सुरुवात कमी दाबावर करा. पुली बदलून दाब नंतर वाढवता येतो. फुटलेला पिस्टन मात्र परत येत नाही. खर्च मांडताना किटच्या किमतीइतकीच रक्कम बाकी यादीसाठी बाजूला ठेवा. ती जमत नसेल तर किटही घेऊ नका.

आणि कायदा

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. वॉरंटी जाते आणि अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारण्याचा धोकाही असतो. म्हणून अशी गाडी ट्रॅकसाठी बनवावी आणि कोइम्बतूरच्या कारी स्पीडवेसारख्या ठिकाणी ट्रकवर घालून न्यावी.

रोजच्या वापरासाठी जास्त पिकअप हवा असेल, तर कंपनीनेच टर्बो बसवून दिलेली गाडी घ्या. पिस्टनपासून रेडिएटरपर्यंतची यादी कारखान्याने आधीच पूर्ण केलेली असते आणि त्या गाडीला कायद्याचीही आडकाठी नसते. स्वतःच ब्लोअर बसवायचा असेल, तर ही यादी कागदावर लिहा, प्रत्येक ओळीसमोर रक्कम मांडा आणि बेरीज झाल्यावरच गॅरेजची पायरी चढा.