फोटो पुढे जावा, नाव चव्हाट्यावर येऊ नये



आपल्यापैकी बऱ्याच घरांतली मुले आता नोकरीसाठी बाहेर पडली आहेत. कुणी पुण्याला, कुणी चाकणला, तर कुणी पार पालघर जिल्ह्यात तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत. तिकडे बोईसरला लागूनच सालवड आहे. समजा, सालवडला राहणारा असा एखादा मुलगा रात्रपाळीहून परतताना मोटारसायकलवरून पडला आणि डोक्याला मार लागला. जवळच्या दवाखान्यात सी. टी. स्कॅन निघाला. पण डोक्यात रक्त साकळले आहे काय, शस्त्रक्रिया लागेल काय, हे सांगणारा तज्ज्ञ मुंबईत, सुमारे १०० किलोमीटरवर.

स्कॅन अगोदर पोचला तर तज्ज्ञ तो पाहून सांगू शकतो की, ‘ताबडतोब आणा, आम्ही तयारी ठेवतो,’ किंवा ‘तिथेच ठेवा, हलवू नका.’ पोचला नाही, तर मुंबईत बहुधा पुन्हा स्कॅन. म्हणजे पुन्हा वेळ, पुन्हा खर्च आणि पुन्हा अंगावर क्ष-किरण.

आता तुम्ही म्हणाल, यात अवघड काय? फिल्म उजेडाला धरायची, मोबाइलने फोटो काढायचा आणि व्हॉट्सॲपवर धाडायचा! इथेच चूक होते.

स्कॅनचे मूळ चित्र काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत सुमारे ४,००० छटांचे असते. डॉक्टर संगणकावर त्या छटा मागेपुढे करून एकदा हाड बघतात, एकदा मेंदू बघतात. शिवाय एका स्कॅनमध्ये शेकडो काप असतात. फिल्मवर त्यांतले थोडेच उतरतात, आणि तेही ठरावीक छटांत. मोबाइलच्या फोटोत त्यातलेही बरेच जाते.

दुसरी गोष्ट नावाची. गाडी काट्यावर आली की वजनाच्या पावतीवर सभासदाचे नाव, गट आणि तारीख लागते. पावतीविना ऊस कुणाचा, हे कोण सांगणार? तसेच स्कॅनचे आहे. यासाठी जगभर ‘डायकॉम’ नावाची एक पद्धत वापरतात. तिचा पहिला मसुदा अमेरिकेत १९८५ साली झाला आणि १९९३ पासून ती या नावाने ओळखली जाते. तिच्यात चित्र आणि रुग्णाचे नाव, वय, तारीख, यंत्राचा तपशील हे सारे एकाच फाईलमध्ये बांधलेले असते. त्यामुळे एकाचा स्कॅन दुसऱ्याच्या नावावर जाण्याचा धोका कमी होतो.

पण याच गुणात धोकाही आहे. फाईल परक्याच्या हाती पडली, तर चित्राबरोबर नावही पडते.

हा धोका कागदावरचा नव्हे. जर्मनीतील ग्रीनबोन या संगणक-सुरक्षा कंपनीने २०१९ साली जगभरचे असे सर्व्हर तपासले. भारताविषयीचे तिचे आकडे २०२० च्या फेब्रुवारीत वर्तमानपत्रांत आले. आपल्या देशातील रुग्णांची सुमारे १२ कोटी चित्रे इंटरनेटवर उघडी सापडली होती. त्यांत सर्वांत मोठा वाटा आपल्या महाराष्ट्राचा, सुमारे ७ कोटी. कुणी कुलूप फोडले होते म्हणावे, तर तसेही नाही. सर्व्हर इंटरनेटला जोडले आणि पासवर्डच लावला नाही, म्हणजे कोठार उघडे टाकून रखवालदार घरी गेला!

मग सुरक्षित पाठवणे म्हणजे काय? त्याला चार गोष्टी लागतात. एक, वाटेत फाईल सांकेतिक रूपात जावी, म्हणजे मध्येच कुणी पकडली तरी वाचता येऊ नये. दोन, पोचल्यावर ती ठरलेल्या डॉक्टरलाच उघडता यावी. त्याचा पासवर्ड त्याचा स्वतःचा असावा, साऱ्या दवाखान्याला मिळून एकच नसावा. तीन, कारखान्याच्या गेटवर असते तशी नोंद राहावी, की कुणी, कधी, काय पाहिले. चार, पाठवलेल्या लिंकला मुदत असावी. काम झाले की ती बंद व्हावी.

केंद्र सरकारचे आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले, त्याची रचना याच धर्तीची आहे. आपला १४ आकडी ‘आभा’ क्रमांक काढता येतो. कागदपत्रे ज्या त्या दवाखान्यातच राहतात आणि मोबाइलवर आपण संमती दिली तरच दुसरीकडे जातात. संमती किती दिवसांची, हे आपण ठरवायचे, आणि ती मागेही घेता येते. मात्र सर्वच दवाखाने अजून यात आलेले नाहीत. म्हणून आपणही थोडे जागे राहावयास हवे.

आम्ही एवढेच सुचवितो :

१. स्कॅन झाल्यावर नुसती फिल्म आणि रिपोर्ट घेऊन येऊ नका. मूळ डायकॉम फाईल सी. डी., पेन ड्राइव्ह किंवा लिंकवर मागा आणि जपून ठेवा.

२. लिंक उपचार करणाऱ्या डॉक्टरलाच द्या. पासवर्ड त्याच निरोपात लिहू नका, फोनवर वेगळा सांगा.

३. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार, रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत नातेवाइकाने मागणी केल्यास कागदपत्रे ७२ तासांच्या आत द्यावी लागतात. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

४. अगदी जिवावरची वेळ असेल आणि दुसरा मार्गच नसेल, तर डॉक्टरांनी मागितल्यावर मोबाइलचा फोटोही त्यांना थेट पाठवा. जीव आधी. मूळ फाईल मागाहून लगेच धाडा.

५. गावाच्या किंवा भावकीच्या ग्रुपवर मात्र कुणाचाही फोटो किंवा रिपोर्ट टाकू नका. एखाद्या मुलीच्या क्षयाचा एक्स-रे गावभर फिरला, तर औषधाने ती खडखडीत बरी झाली तरी सोयरिकीच्या वेळी तोच फोटो कुणीतरी पुढे करतो. आजार जातो, फोटो जात नाही.

आपल्या उसाचे वजन चोख व्हावे म्हणून आपण काट्यापाशी उभे राहतो, पावती नीट वाचून घेतो. घरच्या माणसाच्या स्कॅनची फाईलही तशीच वाचून, मागून घ्यायची आणि योग्य हातातच द्यायची. घरात ज्याला मोबाइल चांगला कळतो, त्याला हा मजकूर अवश्य वाचून दाखवा.