विदूषक मासा आणि प्रवाळ : मत्स्यालयासाठी योग्य निवड

नारिंगी अंगावर पांढरे पट्टे मिरविणारा क्लाऊनफिश अर्थात विदूषक मासा शोभिवंत माशांत विशेष लोकप्रिय आहे. त्याच्या सोबतीला प्रवाळ ठेवण्याची हौसही स्वाभाविक होय. तथापि कोणते प्रवाळ निवडावे, हा प्रश्न जीवशास्त्राइतकाच कायद्याचाही आहे.

निसर्गात हा मासा समुद्रपुष्पाच्या दंशकारक स्पर्शकांत आश्रय घेतो. प्रवाळावर तो अवलंबून नसतो. हॅचरीत वाढलेली जोडी समुद्रपुष्पाविनाही उत्तम राहते. अशा प्रजननाचे तंत्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विकसित केले आहे. म्हणून समुद्रातून पकडलेल्या माशांपेक्षा हॅचरीतील मासेच घ्यावेत.

प्रवाळांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. चुन्याचा सांगाडा रचणारे ते कठीण प्रवाळ आणि तसा सांगाडा नसलेले ते मृदू प्रवाळ. लांब स्पर्शकांचे काही कठीण प्रवाळ समुद्रपुष्पासारखे दिसतात व विदूषक मासा त्यांत रमतोही. परंतु सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ व समुद्रपंखे यांना २००१ साली वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण देण्यात आले. ते समुद्रातून काढणे अथवा विकणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे. गोव्यातील ग्रँडे बेटालगतचे प्रवाळही यास अपवाद नाहीत.

नवशिक्यांना मृदू प्रवाळांपैकी लेदर कोरल सोयीचे. काही वेळा विदूषक मासा त्यालाच घर मानतो. मात्र मासा सतत अंग घासू लागल्यास लहान प्रवाळ मिटून राहते व खंगते. यास्तव प्रवाळ माशाहून बरेच मोठे व आधी नीट रुजलेले असावे. मश्रूम कोरल मंद प्रकाशातही तगते. परंतु हत्तीच्या कानासारखी मोठी जात लहान मासे गिळते, ती टाळावी. झोअँथिड नावाच्या बटणांसारख्या प्राण्यांपैकी काहींत घातक विष असते. शाळांनी ते ठेवू नयेत.

बहुतेक प्रवाळांच्या ऊतींत सूक्ष्म शैवाल राहते व प्रकाशाच्या साह्याने त्यांना अन्न पुरविते. पाणी फार तापल्यास हे शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरे पडते. तेव्हा पाण्याचे तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस व क्षारता लिटरला सुमारे ३५ ग्रॅम राखावी. बाष्पीभवनाने पाणी उडते, मीठ मागे उरते. म्हणून घट भरताना खारे नव्हे, शुद्ध गोडे पाणीच घालावे. टाकी सिद्ध झाल्यावर चार ते सहा आठवडे पाणी स्थिरावू द्यावे, नंतर मासे आणि सर्वांत शेवटी प्रवाळ सोडावे.

खरेदीपूर्वी विक्रेत्याकडून प्राण्याचे शास्त्रीय नाव व उगम लेखी मागावा आणि शंका असल्यास नजीकच्या वन कार्यालयात विचारणा करावी. जो विक्रेता हे सांगू शकत नाही, त्याच्याकडील प्रवाळ कितीही देखणे असले तरी घेऊ नये.