लहान ट्रॅक्टरची अवजारे, आपल्याच शेडमध्ये



नवापूर तालुक्यातील पाड्यांसाठी आपल्या देणग्यांतून लहान ट्रॅक्टर घेतला, त्याला आता दोन वर्षे होतील. "ट्रॅक्टर काय काम करतो?" असे अनेकांनी पत्रातून विचारले आहे. खरे सांगायचे तर नुसता ट्रॅक्टर काहीच करत नाही. काम करते ते त्याच्या मागे जोडलेले अवजार. आपल्याकडे नांगर आणि रोटाव्हेटर एवढेच होते. पेरणीआधीचे दिवस सोडले तर ट्रॅक्टर चिंचेखाली उभा असे.

इकडे बायकांची पाठ मात्र मोकळी होत नव्हती. दिवाळीनंतर पाड्यातील तरुण जोडपी ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि लेकरे. उन्हाळ्यात शेणखत शेतावर न्यायचे ते टोपलीने, डोक्यावरून. बाजारातली तयार अवजारे आपल्या आवाक्याबाहेरची, म्हणून ती शेडमध्येच करायचे ठरले.

पहिल्या शमुवेलाच्या १३व्या अध्यायात एक छोटी नोंद आहे. इस्राएलात त्या काळी लोहार नव्हता. फाळ आणि कुदळ यांना धार लावायलासुद्धा लोकांना पलिष्ट्यांकडे जावे लागे आणि पैसे मोजावे लागत. आपले अवजार आपल्याला घडवता-दुरुस्त करता आले नाही, तर माणूस दुसऱ्याच्या हातात राहतो. पाड्यातील चार तरुण वेल्डिंग शिकले, हे आम्हाला अवजारांइतकेच मोलाचे वाटते ते यासाठी.

तीन सांधे

ट्रॅक्टरच्या मागे खाली दोन दांडे असतात आणि वर मधोमध एक. या तीन सांध्यांचा त्रिकोण होतो. खालचे दांडे अवजार ओढतात आणि हायड्रॉलिकच्या जोरावर उचलतात. वरचा दांडा, म्हणजे टॉप लिंक, अवजाराचा तोल धरतो. ही रचना आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन यांनी गेल्या शतकात रूढ केली. त्याआधी नांगर दगडाला अडला की पुढची चाके उचलून ट्रॅक्टर चालकावर उलटे. फर्ग्युसन यांच्या जोडणीत अडलेल्या नांगराचा जोर टॉप लिंकमधून पुढे जातो आणि पुढची चाके जमिनीवर दाबली जातात.

लहान ट्रॅक्टरवर खालच्या पिना सहसा २२ मि.मी. जाडीच्या आणि वरची १९ मि.मी.ची असते. खालच्या दोन सांध्यांतले अंतर साधारण ६८ सें.मी. असते, अरुंद ट्रॅक्टरवर ४० सें.मी.च्या आसपास. तरीही लोखंड कापण्याआधी टेप आपल्याच ट्रॅक्टरला लावावा. पिना विकतच आणाव्यात. बांधकामाच्या सळईचा तुकडा पिन म्हणून घातला, तर तो वाकतो किंवा तुटतो, आणि तोही नेमका भार उचललेला असताना.

पहिले अवजार: वाहक चौकट

७५ मि.मी.च्या सी-चॅनेलची आयताकृती चौकट, त्यावर लाकडी फळ्या, आणि पुढच्या बाजूला वर निमुळता होत जाणारा दोन पट्ट्यांचा खांब. खांबाच्या शेंड्याला टॉप लिंक, तळाशी दोन पिना. एवढेच अवजार. त्यावर शेणखताच्या गोण्या, भाताच्या पेंढ्या, पाण्याचे कॅन, सारे जाते.

येथे मोह आवरावा लागतो. फळ्या लांब केल्या की जास्त माल बसतो, पण भार जितका मागे जाईल तितकी पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. म्हणून चौकट आखूड ठेवली. २० लिटरचे १० कॅन म्हणजे २०० किलो, हा हिशेब चौकटीवर रंगाने लिहून ठेवला आहे. या चौकटीवर माणूस बसणार नाही, लेकरे तर नाहीच.

दुसरे अवजार: केणी

जमीन सपाट करण्याची बैलांची केणी आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. तीच आम्ही तीन सांध्यांवर बसवली. रुंदी मागच्या चाकांबाहेर थोडी जाईल एवढी, म्हणजे चाकोऱ्या पुसल्या जातात. भातखाचर सपाट असले तर पाणी सगळीकडे सारखे उभे राहते.

पात्यासाठी ट्रकचा जुना कमानपाटा वापरला. पहिल्यांदा तो वेल्ड केला आणि तिसऱ्या दिवशी सांध्याजवळ तडकला. कमानपाट्याचे पोलाद कडक असते आणि वेल्डिंगच्या तापाने ते ठिसूळ होते. आता पाते नटबोल्टने बसवतो. झिजले की उलटवता येते. गॅल्व्हनाइज्ड पाइप मात्र वेल्ड करू नये, त्याच्या जस्ताचा धूर विषारी असतो.

एक चूक, माझीच

गेल्या उन्हाळ्यात मोहाचे वठलेले खोड ओढायचे होते. साखळी टॉप लिंकच्या जागी बांधा, असे मीच सांगितले. खोड मुळात अडकले, मागची चाके रुतली आणि पुढची वर उठली. चालवणाऱ्या मुलाने तत्काळ क्लच दाबला, म्हणून ट्रॅक्टर परत खाली आला. तो पूर्ण उलटायला दोन सेकंदही लागत नाहीत. त्या मुलाची आई बांधावर उभी होती. तिच्याकडे पाहण्याचे धैर्य मला झाले नाही.

कारण सोपे आहे. ओढ मागच्या आसाच्या वरून असेल तर ट्रॅक्टर त्या आसाभोवती मागे फिरतो. ओढायचे ते नेहमी खालच्या ड्रॉबारवरून, आसाच्या खालून. आता हे वाक्य शेडच्या दारावर लिहिले आहे. उचललेल्या अवजाराखाली कोणी हात घालत नाही; आधी ते जमिनीवर टेकवायचे, इंजिन बंद करायचे, मग काम.

आपला हातभार

या उन्हाळ्यात शेणखताची बरीच वाहतूक चौकटीवर झाली. पुढे सरी पाडण्याचे अवजार करायचे आहे. आपल्या मंडळीत फिटर किंवा वेल्डर असतील, तर त्यांनी आठवडाभर येऊन मुलांना शिकवावे, ही विनंती. जुने चॅनेल, जाड पट्ट्या, वेल्डिंगचे मुखवटे आणि चामडी हातमोजे उपयोगी पडतील.

प्रार्थनेत स्मरण करा: ट्रॅक्टर चालवणाऱ्या मुलांच्या सुरक्षिततेसाठी, ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांसाठी, आणि वेळेवर पडणाऱ्या पावसासाठी.