तूरडाळीचा भाव, चादरीचा कप्पा

मुंबईच्या नायगावात १९४८ साली कामगारांची एक ग्राहक सहकारी संस्था उभी राहिली. मुंबई कामगार मध्यवर्ती ग्राहक सहकारी मंडळ हे तिचं लांबलचक नाव. लोकांच्या तोंडी मात्र ‘अपना बाजार’च बसलं. दिवस रेशनचे आणि टंचाईचे होते. चोख वजनाचं, वाजवी भावाचं धान्य मिळालं की घर चालायचं.

ग्राहक सहकार त्याआधीचा. मद्रासच्या ट्रिप्लिकेनमधली संस्था १९०४ची. पण नुसत्या धान्यावर दुकान चालवणं कठीण, कारण त्यात सुटतं फार थोडं. १९६६ साली रुपयाचं अवमूल्यन झालं आणि भाववाढीला आळा म्हणून त्याच वर्षी दिल्लीत ‘सुपर बाजार’ सुरू झाला. १९६८ साली अपना बाजारनं नायगावात डिपार्टमेंट स्टोअर थाटलं. मुंबईत ‘सहकारी भांडार’ही त्याच वर्षीचं.

एका छताखाली अनेक विभाग आले आणि हिशेबच बदलला. तूरडाळ, साखर, तेल यांचे भाव घराघरांत पाठ असतात. दुकान स्वस्त की महाग, हे त्यांवरूनच ठरतं. म्हणून तिथे नफा कमीच ठेवावा लागतो. चादर, स्टीलचा डबा, मुलांचा शर्ट यांची खरेदी कधीतरी होते, आणि त्यांत दुकानदाराला बरं सुटतं. डाळीचा भाव खाली ठेवायला हा कप्पा हात देतो. मात्र प्रत्येक वस्तूचे दहा-दहा प्रकार मांडले, तर जागा अडते आणि पैसाही पडून राहतो.

हा हिशेब राधाकिशन दमाणी यांनी जवळून पाहिला. शेअर बाजारात नाव कमावलेल्या दमाणींनी १९९९च्या सुमारास नेरुळमध्ये अपना बाजारचीच एक फ्रँचायझी चालवली. तिची घडी त्यांना पटली नाही. २००२ साली त्यांनी पवईत ‘डीमार्ट’ सुरू केलं. शक्यतो जागा स्वतःच्या मालकीची, भरमसाट प्रकारांऐवजी भराभर खपणारा माल, आणि पुरवठादाराला लवकर पैसे देऊन पाडून घेतलेला दर. भाडं आणि खरेदी यांत वाचलेले पैसे छापील किमतीवरच्या सवलतीत उतरले. २०१७ साली २९९ रुपयांना विकलेला कंपनीचा शेअर पहिल्याच दिवशी ६०४ रुपयांवर उघडला.

या रचनेची कसोटी लागली ती २०२०च्या टाळेबंदीत. जीवनावश्यक वस्तू विकायला मुभा होती. कपडे, भांडी, चादरी यांच्यावर बंधनं आली. एप्रिल ते जून या तिमाहीत डीमार्टची विक्री आदल्या वर्षीच्या तुलनेत एक तृतीयांशानं घटली, नफा मात्र सुमारे ३२३ कोटींवरून ४० कोटींवर आला. अनेक दुकानं बंद होती, ठरलेले खर्च चालूच होते. त्यातच जास्त नफ्याचा कप्पा ओस पडला होता.

टाळेबंदी उठली, गर्दीही परतली. पण कपडे आणि घरगुती वस्तूंचा वाटा, जो २०१९-२०मध्ये एकूण विक्रीच्या चतुर्थांशाहून अधिक होता, तो २०२३-२४पर्यंतही त्या पातळीवर परतला नव्हता. ट्रॉलीत डाळ-तांदूळ होते. चादर अजून मांडणीवरच होती.