ठेवीदारांचा पैसा आणि न्यायाची वाट

चामोर्शीच्या शेतकऱ्याची धानपेरणी जशी पावसावर, तशीच कर्जावरहि अवलंबून असते. आणि पीक विकून उरलेली शिल्लक तो विश्वासानें बँकेंत ठेवतो. हा विश्वास मोडला असतां न्यायालयांत काय घडतें, हें आमच्या विद्यार्थिमित्रांनीं जाणून घेणें अगत्याचें आहे. याकरितां आपल्याच विदर्भांतील नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचें उदाहरण आम्ही घेतों.

सरकारी कर्जरोखा म्हणजे सरकारनें घेतलेल्या कर्जाचा लेख. तो अत्यंत सुरक्षित गणला जातो. सन २००१-०२ च्या सुमारास या बँकेनें असे रोखे घेण्यासाठीं सुमारें १२५ कोटि रुपये खासगी दलाल पेढ्यांस दिले. त्यांपैकीं ‘होम ट्रेड’ ही पेढी तर नामांकित क्रिकेटपटू व नट यांच्या जाहिरातींनीं गाजलेली होती! परंतु रोखे बँकेच्या हातीं आले नाहींत आणि रक्कमहि परत मिळाली नाहीं. रोखा सुरक्षित खरा. पण तो हातीं पडण्यापूर्वींच पैसे देणें सुरक्षित नव्हे. एका हातानें द्यावें व दुसऱ्या हातानें घ्यावें, हा बाजारांतील साधा नियम येथें पाळला गेला नाहीं.

अशा प्रकरणीं न्यायाच्या दोन वाटा असतात. पहिली फौजदारी. २००२ सालीं गुन्हा नोंदला गेला आणि निकाल लागला तो २२ डिसेंबर २०२३ रोजीं. बँकेचे तत्कालीन अध्यक्ष व माजी मंत्री श्री. सुनील केदार यांच्यासह सहा जणांस पांच वर्षांची सक्तमजुरी झाली. तिघे निर्दोष सुटले. शिक्षेविरुद्ध अपील करण्याचा कायदेशीर हक्क श्री. केदार यांनीं बजावला व जानेवारी २०२४ मध्यें त्यांस उच्च न्यायालयाकडून जामीन मिळाला.

तथापि अपराध्यास शिक्षा झाल्यानें तिजोरी भरत नाहीं. त्यासाठीं दुसरी वाट, वसुलीची. सहकारी संस्थेचें नुकसान कोणामुळें झालें व तें कोणीं भरून द्यावें, हें महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याच्या कलम ८८ अन्वयें ठरविलें जातें. या प्रकरणांत ती चौकशीहि वर्षानुवर्षें रेंगाळली. व्यापारी दाव्यांचा निकाल त्वरित लागावा म्हणून २०१५ सालीं वाणिज्य न्यायालयांचा स्वतंत्र कायदा झाला, तो अशाच दिरंगाईच्या अनुभवांतून.

एकवीस वर्षांत बालकाचा तरुण होतो, आणि उतारवयांतील ठेवीदार कदाचित् निकाल पाहण्यास उरतहि नाहीं. म्हणून न्यायाइतकेंच प्रतिबंधास महत्त्व आहे. रोखे कागदावर न ठेवतां खात्यांतच नोंदवावेत, असा दंडक रिझर्व्ह बँकेनें २००२ मध्येंच घातला. ठेवींवरील विम्याची मर्यादा तेव्हां एक लाख रुपये होती. ती फेब्रुवारी २०२० मध्यें पांच लाख झाली.

परंतु खरा पहारा सभासदांचा. वार्षिक सभेस जाऊन ताळेबंद वाचणें व पैसा कोठें गुंतविला हें विचारणें, हा सभासदाचा हक्क आहे. आज शाळेंत हिशेब शिकणाऱ्या मुलामुलींनीं उद्यां तो प्रश्न निर्भयपणें विचारावा, एवढीच आमची अपेक्षा.