आकड्यांवर पाडलेला उजेड

एखाद्या नैसर्गिक घटनेमागची गणिती समीकरणे संगणकाकडून टप्प्याटप्प्याने सोडवून घेऊन त्या घटनेची जी प्रतिकृती आकड्यांत उभी केली जाते, तिला सिम्युलेशन म्हणतात. वादळाचे सिम्युलेशन करताना वातावरणाचे कोट्यवधी लहान कप्पे कल्पून प्रत्येक कप्प्यातील तापमान, दाब, बाष्प आणि वाऱ्याचा वेग यांची नोंद क्षणाक्षणाला ठेवली जाते. या नोंदींना रंग नसतो, कडा नसते आणि त्यांच्यावर कुठूनही ऊन पडलेले नसते. म्हणूनच त्यांपासून तयार झालेले चित्र कितीही हुबेहूब वाटले, तरी ते छायाचित्र ठरत नाही; त्यातील प्रत्येक रंग, प्रत्येक कडा आणि प्रत्येक सावली कोणीतरी ठरवून घातलेली असते. आकड्यांपासून चित्र सिद्ध करण्याच्या या क्रियेला रेंडरिंग असे नाव आहे.

त्यातील पहिला प्रश्न कडेचा असतो. शालेय भूगोलातील नकाशावर समान उंचीची ठिकाणे जोडणारी समोच्चरेषा जशी काढतात, तसेच त्रिमितीत समान मूल्याचे बिंदू जोडले की रेषेऐवजी एक पृष्ठभाग मिळतो आणि त्याला समपृष्ठ म्हणता येईल. असा पृष्ठभाग संगणकाने आपोआप कसा शोधावा, याची ‘मार्चिंग क्यूब्ज’ नावाची रीत जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील विल्यम लॉरेन्सन आणि हार्वी क्लाइन यांनी 1987 मध्ये मांडली. आकड्यांचा एकेक कप्पा घन मानला, तर त्याच्या आठ कोपऱ्यांपैकी कोणते कोपरे ठरलेल्या मूल्याच्या वर आहेत आणि कोणते खाली, याच्या 256 शक्यता असतात. सममितीचा आधार घेतल्यास त्या 15 वर येतात आणि प्रत्येक शक्यतेसाठी पृष्ठभागाचे त्रिकोण आधीच ठरवून ठेवता येतात. रीत इतकी काटेकोर असली, तरी मूल्य कोणते निवडायचे हे ती सांगत नाही. ढगातील पाण्याच्या प्रमाणाची मर्यादा किंचित खाली आणली की तोच ढग चित्रात फुगतो, वर नेली की विरळ होतो, आणि दोन्ही चित्रे त्याच आकड्यांशी तितकीच प्रामाणिक राहतात.

ज्या पदार्थाला मुळातच कडा नसते, जसे धुके किंवा आकाशगंगांमधील वायू, त्यासाठी पृष्ठभागाचा आग्रह सोडून आकारमानी रेंडरिंग वापरतात. यात चित्राच्या प्रत्येक बिंदूतून, म्हणजे पिक्सेलमधून, एक काल्पनिक किरण आकड्यांच्या ढिगाऱ्यात पाठवला जातो आणि वाटेत भेटलेल्या प्रत्येक मूल्याला किती रंग व किती अपारदर्शकता द्यायची, याच्या कोष्टकानुसार तो किरण रंग गोळा करत जातो. त्यावर सावल्या चढवल्या, खोबणींत कमी उजेड पोहोचतो असे दाखवले, की सपाट दिसणाऱ्या गुंत्याला एकदम खोली येते. हा उजेड खोटा असतो, पण मानवी डोळा आकार ओळखायला सावलीवरूनच शिकलेला असल्यामुळे तो उपयोगी खोटेपणा मानावा लागतो.

रंगांच्या बाबतीत मात्र अशी सूट देता येत नाही. निळ्यापासून लालपर्यंत जाणारी इंद्रधनुषी रंगमालिका वर्षानुवर्षे सवयीने वापरली गेली. तिच्यातील पिवळा पट्टा डोळ्यांना विनाकारण उठून दिसतो आणि हिरव्याच्या विस्तारात मूल्यांचे बारीक फरक बुडून जातात. हृदयाच्या रक्तवाहिन्यांतील प्रवाहाच्या सिम्युलेशनवर हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या दृष्टीने बोलका आहे: वाहिन्यांचे त्रिमिती चित्र इंद्रधनुषी रंगांत दाखवले असता त्यातील धोक्याच्या जागांपैकी सुमारे 39 टक्केच ओळखल्या गेल्या, तर सपाट मांडणी आणि डोळ्यांच्या स्वभावाला धरून निवडलेले रंग वापरल्यावर हे प्रमाण 91 टक्क्यांवर गेले. देखणे त्रिमिती चित्रच अधिक सांगते, या समजुतीलाही त्यामुळे धक्का बसला.

चित्रकर्त्याच्या निर्णयांचे वजन किती असते, हे कृष्णविवराच्या चित्रांइतके क्वचितच कुठे स्पष्ट होते. फ्रान्समधील म्युदों वेधशाळेतील ज्यां-पियेर ल्युमिने यांनी 1979 मध्ये, तप्त वायूच्या तबकडीने वेढलेले कृष्णविवर दुरून कसे दिसेल, याचे गणित आयबीएम 7040 या संगणकावर पंच केलेल्या कार्डांच्या साहाय्याने केले. संगणकाने दिले ते केवळ आकडे. चित्र काढून देणारे यंत्र हाताशी नसल्याने ल्युमिने यांनी शाईने एकेक ठिपका कागदावर स्वतः मांडला, आणि उजेड जास्त तिथे ठिपके दाट ठेवून पुढे त्याची उलट छायाप्रत घेतली. रेंडरिंग या क्रियेचा इतका उघडा नमुना दुसरा सापडणे कठीण. त्या चित्रात तबकडीची मागची बाजू विवराच्या वर कमानीसारखी उचललेली दिसते, कारण तिच्यापासून निघालेला प्रकाश गुरुत्वाकर्षणाने वाकून पाहणाऱ्यापर्यंत येतो. शिवाय एक बाजू लख्ख आणि दुसरी मंद दिसते, कारण पाहणाऱ्याकडे वेगाने येणाऱ्या वायूचा प्रकाश तीव्र होतो आणि दूर जाणाऱ्याचा क्षीण.

‘इंटरस्टेलर’ या 2014 च्या चित्रपटासाठी भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न आणि लंडनच्या ‘डबल निगेटिव्ह’ या दृश्यपरिणाम संस्थेने हेच काम पुन्हा केले, तेव्हा पडद्याच्या एकेका चौकटीत सुमारे 2.3 कोटी पिक्सेल होते. पिक्सेलमागे एकच किरण सोडला, तर बिंदूएवढे तारे कधी त्याच्या वाटेत येतात, कधी निसटतात आणि हलत्या चित्रात लुकलुकू लागतात. म्हणून सुट्या किरणाऐवजी किरणांची जुडी वाकलेल्या अवकाशातून नेण्याची पद्धत त्यांनी रचली. एवढी काटेकोर तयारी झाल्यावर दिग्दर्शक क्रिस्टोफर नोलन यांच्या पसंतीने दोन फेरफार झाले. कथेतील विवर जवळजवळ कमाल वेगाने फिरणारे आहे, परंतु तशा विवराची सावली एका बाजूने चपटी दिसत असल्याने चित्रासाठी फिरण्याचे प्रमाण कमालीच्या 0.6 पट धरले गेले. आणि ल्युमिने यांनी दाखवलेला दोन बाजूंच्या उजेडातील फरक, त्यासोबतचा निळसर-लालसर रंगबदलही, प्रेक्षक गोंधळतील म्हणून वगळला गेला. यात फसवणूक पाहण्याचे कारण नाही, कारण याच मंडळींनी 2015 मध्ये ‘क्लासिकल अँड क्वांटम ग्रॅव्हिटी’ या शोधपत्रिकेत पूर्ण गणितानुसारची चित्रे वगळलेल्या गोष्टींच्या खुलाशासह छापली. चित्रपटगृहातील चित्र आणि शोधनिबंधातील चित्र अशी दोन चित्रे एकाच आकड्यांतून निघाली, आणि त्यांतील कोणते कशासाठी, हे सांगितले गेले. संशोधनाच्या प्रसिद्धीपत्रकांतून फिरणाऱ्या झगमगीत चित्रांखाली एवढा खुलासा क्वचितच आढळतो.

पुढे एप्रिल 2019 मध्ये इव्हेंट होरायझन दुर्बिणींच्या जाळ्याने एम87 दीर्घिकेच्या मध्याशी असलेल्या विवराचे प्रत्यक्ष निरीक्षणावरून सिद्ध केलेले चित्र जाहीर केले, तेव्हा त्यातील वलय एका बाजूला अधिक तेजस्वी निघाले. त्या वलयाचा केशरी रंग मात्र निवडलेलाच होता, कारण ज्या 1.3 मिलिमीटर लांबीच्या रेडिओलहरी दुर्बिणींनी टिपल्या होत्या, त्यांना डोळ्यांनी पाहता येईल असा कोणताच रंग नसतो.