अश्रू आणि आचरण

उत्तर अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीत नॉर्थॅम्प्टन गावी १७३४-३५ मध्ये, आणि पुन्हा १७४० नंतर, धर्मजागृतीची लाट उसळली. प्रवचन ऐकता ऐकता लोक रडू लागत. हा ईश्वरी कृपेचा स्पर्श मानावा, की केवळ भावनेचा उमाळा? गावचे पाळक व कॅल्व्हिनच्या परंपरेतील धर्मशास्त्रज्ञ जोनाथन एडवर्ड्स यांनी १७४६ साली धार्मिक भावनांविषयीच्या ग्रंथात या प्रश्नाचा ऊहापोह केला. भावनेवाचून धर्म निर्जीव होय, असे त्यांचे मत होते. परंतु अश्रू, देहाचा कंप किंवा बायबलमधील वचन एकाएकी मनात उमटणे यांवरून काहीच सिद्ध होत नाही, असे त्यांनी बजावले. खऱ्या धर्मभावनेची त्यांनी सांगितलेली बारा लक्षणे पाहता शेवटचे, आणि सर्वांत विस्ताराने मांडलेले, लक्षण आहे आचरण. (याच लेखकाने १७३१ साली एक आफ्रिकी मुलगी गुलाम म्हणून विकत घेतली होती, हेही वाचकाने ध्यानात ठेवावे.)

पुढे प्रभुभोजनाचा वाद उपस्थित झाला. एडवर्ड्स यांचे आजोबा व पूर्वीचे पाळक सॉलोमन स्टॉडर्ड यांनी ते सर्व सदाचारी माणसांना खुले ठेवले होते. नातवाने मात्र श्रद्धेची विश्वसनीय कबुली मागितली. ज्या मंडळीला त्यांनी जागविले, तिनेच १७५० मध्ये त्यांना पदावरून दूर केले.